बुरशीवरची गोळी आणि यकृताचा हिशेब

त्वचारोगतज्ज्ञाने नायट्यासाठी गोळ्या लिहून दिल्या की रुग्ण एक प्रश्न हमखास विचारतो, “डॉक्टर, लिव्हरला काही होणार नाही ना?” रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी चालू असताना ज्याच्या फुप्फुसात अ‍ॅस्परजिलस ही बुरशी पसरली आहे, त्याचे नातेवाईकही हेच विचारतात. प्रश्न एकच, पण उत्तर एक देता येत नाही. पहिल्याचा आजार खाजरा, चारचौघांत लाजवणारा, मात्र जिवावर न बेतणारा. दुसऱ्याला औषध मिळाले नाही तर काही आठवड्यांत सगळे संपू शकते. बुरशीरोधक औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजेबद्दल गेली चाळीसेक वर्षे जो वाद चालला आहे, त्यातला बराचसा गोंधळ हे दोन रुग्ण एकाच तक्त्यात बसवल्यामुळे झाला आहे, असे उपलब्ध अभ्यास वाचताना वाटत राहते. तो वाद आज कुठे उभा आहे, हे पाहू.

पार्श्वभूमी

बुरशी जीवाणूपेक्षा माणसाच्या बरीच जवळची. तिच्या पेशीला आपल्यासारखेच केंद्रक असते आणि पेशीचे आवरण टिकवायला आपण कोलेस्टेरॉल वापरतो तसे ती एर्गोस्टेरॉल वापरते. त्यामुळे बुरशीला मारेल आणि माणसाला धक्का लावणार नाही असे रसायन सापडणे मुळातच अवघड. ग्रिसिओफल्विन १९३९ मध्ये पेनिसिलियमच्या एका जातीतून वेगळे केले गेले, पण माणसाला ते पोटातून द्यायला १९५८ उजाडले. उंदरांना ते दीर्घकाळ दिले की यकृतात गाठी होतात आणि पोर्फिरिन साठते, हे लवकरच दिसले. म्हणून पोर्फिरिया असलेल्यांना ते आजही वर्ज्य आहे. माणसांत मात्र त्याचा यकृतावरचा गंभीर परिणाम क्वचितच नोंदला गेला. १९५०च्या दशकातच आलेले अ‍ॅम्फोटेरिसिन बी मूत्रपिंडांना जाळते, यकृताला फारसे नाही. त्याच्या धास्तीमुळेच डॉक्टर पोटातून देता येईल अशा औषधाची वाट पाहत होते.

ते औषध म्हणजे किटोकोनॅझोल. बेल्जियममधल्या यान्सेन कंपनीच्या या गोळीला अमेरिकेत १९८१ मध्ये परवानगी मिळाली आणि ती झपाट्याने पसरली. कावीळ झाल्याच्या बातम्याही तितक्याच झपाट्याने आल्या. औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांचा शास्त्रीय पाया घालणारे हायमन झिमरमन यांनी जेम्स लुईस आणि इतर सहकाऱ्यांसह १९८४ मध्ये किटोकोनॅझोलमुळे यकृतावर परिणाम झालेल्या ३३ रुग्णांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यानंतर या औषधाच्या माहितीपत्रकात इशारा आला, पण विक्री चालूच राहिली. दहा ते पंधरा हजार रुग्णांमागे एखाद्याला लक्षणे दिसण्याइतकी इजा होते, असा त्या काळचा अंदाज होता. पुढे तो फारच आशावादी ठरला.

१९९०च्या दशकात फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल आणि टर्बिनाफिन आले. नखांच्या बुरशीसाठी महिनोन् महिने गोळ्या घेणे तेव्हापासून सर्वसामान्य झाले. मे २००१ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने नखांच्या बुरशीवर दिल्या जाणाऱ्या इट्राकोनॅझोल आणि टर्बिनाफिन या दोन्ही औषधांबद्दल जाहीर सूचना काढली. दोन्हींच्या बाबतीत यकृत निकामी झाल्याच्या नोंदी होत्या आणि इट्राकोनॅझोलच्या बाबतीत हृदय कमजोर होण्याचाही धोका त्यात सांगितला होता.

किटोकोनॅझोलचा निकाल २६ जुलै २०१३ रोजी लागला. युरोपच्या औषध संस्थेच्या समितीने पोटात घेण्याच्या गोळीची परवानगी संपूर्ण युरोपीय संघात स्थगित करण्याची शिफारस केली. त्याच दिवशी अमेरिकी प्रशासनाने ती बाजारात ठेवली, पण त्वचेच्या आणि नखांच्या बुरशीसाठी ती देऊ नये असे सांगून टाकले. इतर काहीच उपाय नसेल तर द्यावी आणि तीही दर आठवड्याला यकृताची चाचणी करत, असा नियम घातला. तरीही २०१६ मध्ये त्याच प्रशासनाला पुन्हा बजावावे लागले. नखांच्या बुरशीसाठी ही गोळी घेतलेल्या एका रुग्णाचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला होता.

या कथेला एक आडवळण आहे. किटोकोनॅझोल अ‍ॅड्रिनल ग्रंथीतले संप्रेरकांचे उत्पादनही रोखते. ज्या युरोपने बुरशीसाठी त्याला दार बंद केले, त्याच युरोपने २०१४ मध्ये कुशिंग सिंड्रोम या संप्रेरकविकारासाठी त्याला नव्याने परवानगी दिली. रेणू तोच आणि यकृतही तेच, पण पारड्यात समोर ठेवलेला आजार बदलला. धोका आणि फायदा यांचा ताळा कसा मांडतात, हे समजायला याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही.

इजा होते कशी

औषधाने यकृताला होणारी इजा दोन प्रकारची धरतात. पहिली मात्रेवर अवलंबून असते, जास्त घेतले की कोणालाही होते. पॅरासिटामॉलची विषबाधा हे तिचे ठळक उदाहरण. बुरशीरोधकांमध्ये फ्लुसायटोसिन या प्रकारात मोडते. रक्तातली त्याची पातळी मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या वर गेली की अस्थिमज्जा आणि यकृत दोन्ही तक्रार करू लागतात. दुसरी इजा लहरी. हजारो लोक तेच औषध त्याच मात्रेत पचवतात आणि एखाद्यालाच कावीळ होते. टर्बिनाफिन आणि किटोकोनॅझोल साधारण या दुसऱ्या प्रकारात बसतात. गंभीर संसर्गांत दिले जाणारे व्होरिकोनॅझोल मध्येच कुठेतरी आहे.

अ‍ॅझोल गटातली औषधे (किटोकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल इत्यादी) बुरशीतले जे एन्झाइम बंद पाडतात, ते सायटोक्रोम पी-४५० या मोठ्या कुटुंबातले. याच कुटुंबातली एन्झाइम्स आपल्या यकृतात औषधे पचवण्याचे आणि स्टेरॉइड्स घडवण्याचे काम करतात. किटोकोनॅझोल बुरशीचे एन्झाइम आणि माणसाचे एन्झाइम यांत फारसा भेद करत नाही, नंतरची फ्लुकोनॅझोलसारखी ट्रायअ‍ॅझोल बरीच निवडक आहेत. यावरून “जितका कमी भेद, तितकी जास्त इजा” असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण टर्बिनाफिन वेगळ्याच एन्झाइमवर, स्क्वालीन इपॉक्सिडेजवर, काम करते आणि तरीही यकृताला इजा करते. तिथे दुसरी संकल्पना पुढे आली. टोरंटोतल्या संशोधकांनी २००१ मध्ये टर्बिनाफिन पचताना तयार होणारा एक अतिक्रियाशील तुकडा ओळखला. तो ग्लुटाथायोनला चिकटतो, पित्तात साचतो आणि पित्तनलिकांच्या पेशींना इजा करत असावा, असा त्यांचा तर्क होता. टर्बिनाफिनची कावीळ बहुधा पित्त अडण्याच्या वळणाने का जाते, खाज का सुटते आणि क्वचित पित्तनलिकाच नाहीशा का होतात, याचा त्यामुळे निदान अर्थ लागतो. किटोकोनॅझोलची इजा याउलट थेट यकृतपेशींना होते आणि हिपॅटायटिससारखी दिसते.

प्रयोगशाळेच्या कागदावर हे सगळे ‘एसजीपीटी (यकृताचे एक एन्झाइम) वाढले’ अशा एका ओळीत येते आणि तिथेच वादाची सुरुवात होते. अ‍ॅझोल घेणाऱ्यांपैकी काही टक्के लोकांत हा आकडा थोडासा वर जातो आणि गोळी चालू असतानाच पुन्हा खाली येतो. याला जुळवून घेणे म्हणतात. धोकादायक ती वाढ, जिच्याबरोबर काविळीचे रंगद्रव्य असलेले बिलिरुबिनही वर जाते. झिमरमन यांच्या निरीक्षणावरून ठरलेला नियम सांगतो की औषधामुळे एसजीपीटी सामान्य मर्यादेच्या तिपटीहून जास्त आणि बिलिरुबिन दुपटीहून जास्त झाले, पित्ताचा मार्ग अडलेला नाही आणि दुसरे कारणही सापडत नाही, तर अशा दहांपैकी साधारण एक रुग्ण दगावतो किंवा त्याला यकृत बदलावे लागते. निरुपद्रवी वाढ आणि धोकादायक वाढ सुरुवातीच्या कागदावर वेगळ्या ओळखता येत नाहीत.

आकडे काय सांगतात

या विषयावर सर्वांत जास्त उद्धृत होणारा अभ्यास ब्रिटनचा. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सामान्य डॉक्टरांच्या नोंदींतून पोटातून बुरशीरोधक घेतलेले ६९,८३० लोक तपासले होते. तीव्र यकृतइजेचा दर एक लाख रुग्ण-महिन्यांमागे किटोकोनॅझोलसाठी १३४, इट्राकोनॅझोलसाठी सुमारे १० आणि टर्बिनाफिनसाठी २.५ निघाला. फ्लुकोनॅझोल आणि ग्रिसिओफल्विन घेणाऱ्यांत एकही रुग्ण सापडला नाही. या आकड्यांची उतरंड पुढे असंख्य पाठ्यपुस्तकांत गेली. पण मूळ निबंध उघडला तर दिसते की संपूर्ण अभ्यासात गोळी चालू असताना यकृतइजा झालेले रुग्ण अवघे पाच होते: किटोकोनॅझोलचे दोन, इट्राकोनॅझोलचे दोन, टर्बिनाफिनचा एक. किटोकोनॅझोलच्या १३४ या आकड्याची विश्वासमर्यादा ३७ ते ४८८ इतकी रुंद होती. उतरंड बहुधा बरोबर आहे, पण तिच्या पायऱ्यांची उंची कोणालाच नेमकी माहीत नाही.

तैवानच्या राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या नोंदींवरून २०१४ मध्ये आलेला अभ्यास मोठा होता. ९०,८४७ लोकांपैकी ५२ जणांना औषधजन्य यकृतइजा झाली होती. दर दहा हजार लोकांमागे टर्बिनाफिन १.६, इट्राकोनॅझोल ३.६, ग्रिसिओफल्विन ४.३, किटोकोनॅझोल ४.९. इथवर ब्रिटनशी सूर जुळतो. पण फ्लुकोनॅझोलचा आकडा होता ३१.६. ब्रिटनमध्ये शून्य असलेले औषध तैवानमध्ये सगळ्यांच्या पुढे! फ्लुकोनॅझोल तैवानमध्ये अचानक विषारी झाले नव्हते. ते मोठ्या प्रमाणात गंभीर आजारी, इस्पितळात दाखल असलेल्या, इतर दहा औषधे चालू असलेल्या माणसांना दिले जात होते, असे मानणे जास्त सयुक्तिक. ब्रिटनमधल्या सामान्य डॉक्टरांकडून त्याची एक गोळी योनीमार्गाच्या बुरशीसाठी घेऊन जाणारी तरुणी आणि तैवानच्या वॉर्डातला सेप्सिसचा रुग्ण यांची तुलना या दोन आकड्यांत नकळत होऊन जाते.

तिसरा अभ्यास उत्तर कॅलिफोर्नियातल्या कैसर परमनेंटे या आरोग्यसंस्थेचा. २००४ ते २०१० या काळात अ‍ॅझोल नव्याने सुरू केलेले १,९५,३३४ लोक त्यात होते आणि त्यांतले बहुसंख्य फ्लुकोनॅझोलवाले. यकृताची एन्झाइम्स २०० युनिटांच्या वर जाण्याचे प्रमाण हजार रुग्ण-वर्षांमागे फ्लुकोनॅझोलसाठी १३, किटोकोनॅझोलसाठी १९ आणि इट्राकोनॅझोलसाठी २४च्या आसपास होते. व्होरिकोनॅझोलसाठी ते एकदम १८२ वर गेले. ज्यांना आधीच यकृताचा जुनाट आजार होता त्यांच्यात धोका जास्त होता. इथेही सावध राहायला हवे, कारण व्होरिकोनॅझोल घेणारे पाचशेच्याही आत होते आणि ते कोण होते हे उघड आहे: प्रत्यारोपण झालेले, ल्युकेमियाचे, रोगप्रतिकारशक्ती संपलेले.

तिन्ही अभ्यास शेजारी ठेवले तर दोन गोष्टींवर आता फारसा वाद उरत नाही. टर्बिनाफिन हे तुलनेने कमी इजा करणारे औषध आहे. लक्षणे दिसण्याइतकी इजा पन्नास हजार ते एक लाख वीस हजार कोर्समागे एखाद्याला होते, असा सध्याचा अंदाज आहे. दुसरी गोष्ट म्हणजे कोर्स जितका लांबतो तितका धोका वाढतो. बाकीच्या आकड्यांवर रुग्णाची छाप औषधाच्या छापेपेक्षा जास्त दिसते.

रक्त तपासायचे की नाही

डॉक्टरांमधला सर्वांत जिवंत वाद इथे आहे आणि तिन्ही बाजूंना वजनदार माणसे आहेत.

पहिली बाजू म्हणते, सगळ्यांची तपासणी करा. अमेरिकेतल्या टर्बिनाफिनच्या माहितीपत्रकात औषध सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाची यकृतचाचणी करावी असेच लिहिले आहे. यामागे कायदेशीर काळजी आहेच, पण वैद्यकीय तर्कही आहे. माणसाला हिपॅटायटिस बी किंवा सी असल्याचे बऱ्याचदा त्याला स्वतःलाच माहीत नसते, मग औषध सुरू करण्याआधीची एक चाचणी निदान तेवढे तरी पकडते. कोर्सच्या शेवटी एसजीपीटी ८० आले तर ते आधीपासून ८० होते की औषधाने झाले, हे सांगायला सुरुवातीचा आकडा हाताशी असावा लागतो.

दुसऱ्या बाजूकडे २०१८ मध्ये ‘जामा डर्मॅटॉलॉजी’त आलेला विस्कॉन्सिनमधल्या संशोधकांचा अभ्यास आहे. टर्बिनाफिन किंवा ग्रिसिओफल्विन घेतलेल्या ४,९८५ रुग्णांचे अहवाल त्यांनी तपासले. औषध चालू असताना एसजीपीटी वाढण्याचे प्रमाण कमी होते आणि औषधाआधी तशी वाढ असण्याच्या प्रमाणापेक्षा फारसे वेगळे नव्हते. म्हणून यकृताचा किंवा रक्ताचा पूर्वीचा आजार नसलेल्या मुलांमध्ये आणि प्रौढांमध्ये मधल्या मधल्या चाचण्या अनावश्यक आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या बाजूचा दुसरा मुद्दाही बिनतोड आहे. टर्बिनाफिनची गंभीर इजा बहुतेक वेळा पहिल्या सहा आठवड्यांत अचानक होते. चौथ्या आठवड्याचा कागद स्वच्छ असला म्हणून पाचव्या आठवड्यात कावीळ होणार नाही असे नाही.

तिसरी बाजू मधली, आणि प्रत्यक्ष ओपीडीत बहुतेक डॉक्टर याच बाजूला सापडतील. माणूस पाहून ठरवा, असे ती म्हणते. दारूची सवय, जुनी कावीळ, मधुमेह आणि स्थूलता, इतर औषधे, एका महिन्याहून लांब कोर्स, यांपैकी काही असेल तर आधी आणि मध्ये चाचणी. नसेल तर लक्षणे नीट समजावून सांगा: भूक मरणे, मळमळ, अंगाला खाज, लघवी चहासारखी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे. यांतले काही दिसले तर त्याच दिवशी गोळी बंद करून डॉक्टरांकडे यायचे. माझा स्वतःचा कल या बाजूकडे आहे. पण लक्षणांवर विसंबण्यासाठी रुग्ण परत येईल अशी व्यवस्था हवी. ती जिथे नाही तिथे ही बाजू कागदावरच राहते, हे मान्य करावे लागते.

इस्पितळातला वेगळा हिशेब

रक्तातून पसरणाऱ्या किंवा फुप्फुसे पोखरणाऱ्या बुरशीच्या बाबतीत तपासणी करावी की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही, ती रोजच होत असते. इथला प्रश्न असा की औषध कोणते आणि किती.

व्होरिकोनॅझोलने २००२ नंतर अ‍ॅस्परजिलसच्या उपचाराचे चित्र बदलले, पण त्याचे वागणे विचित्र आहे. मात्रा थोडी वाढवली की रक्तातली पातळी कितीतरी जास्त वाढते. सीवायपी-२सी-१९ या एन्झाइमचे जनुक ज्यांच्यात मंद असते त्यांच्या शरीरात ते साचत जाते, आणि अशा लोकांचे प्रमाण आशियाई लोकसंख्येत युरोपपेक्षा जास्त आहे. म्हणून रक्तातली पातळी मोजून मात्रा ठरवण्याची पद्धत आली. सोलमध्ये ११० रुग्णांवर झालेल्या एका यादृच्छिक चाचणीचे निकाल २०१२ मध्ये आले. पातळी मोजलेल्या गटात दुष्परिणामांमुळे औषध बंद करावे लागलेले ४ टक्के, तर न मोजलेल्या गटात १७ टक्के. उपचाराला प्रतिसादही पहिल्या गटात चांगला. दुष्परिणामांचे एकूण प्रमाण मात्र दोन्हीकडे सारखेच होते. म्हणजे मोजमापामुळे दुष्परिणाम टळले नाहीत, ते वेळीच सावरता आले. शिवाय पातळी जास्त असण्याचा भ्रम होण्याशी जितका घट्ट संबंध आहे, तितका यकृताशी सर्व अभ्यासांत सापडत नाही. मोजमापाचे समर्थक आणि साशंक, दोघेही याच निकालांचा आधार घेतात.

त्याच गटातल्या नंतरच्या इसाव्हुकोनॅझोलने यकृताच्या बाबतीत सरशी दाखवली. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या थेट तुलनेत यकृत आणि पित्तमार्गाच्या तक्रारी इसाव्हुकोनॅझोल गटात ९ टक्के, व्होरिकोनॅझोल गटात १६ टक्के होत्या आणि जीव वाचवण्यात दोन्ही तुल्यबळ. किंमत मात्र तुल्यबळ नाही. कॅस्पोफंजिनसारखी शिरेतून द्यायची एकायनोकँडिन औषधे यकृताला एकंदर सौम्य मानली जातात. अपवाद मायकाफंजिनचा. उंदरांत यकृताच्या गाठी दिसल्यामुळे युरोपने त्यावर कडक इशारा ठेवला. माणसांत मात्र तशा गाठींचा पुरावा पुढे आला नाही.

२०२१च्या उन्हाळ्यात हा सारा विषय महाराष्ट्राच्या दारात आला. कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिसचे देशभरात जूनअखेर चाळीस हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि महाराष्ट्र व गुजरातमध्ये ते सर्वाधिक होते. अ‍ॅम्फोटेरिसिनचा तुटवडा, त्यात निम्म्याहून अधिक रुग्णांना मधुमेह. शस्त्रक्रियेनंतर घरी गेलेल्यांनी पोसाकोनॅझोल या त्याच गटातल्या औषधाच्या गोळ्या कित्येक आठवडे, कधी महिने घेतल्या. त्या काळात प्राधान्य डोळा आणि जीव वाचवण्याला होते. यकृताचा प्रश्न दुय्यम ठरला आणि ते योग्यच होते.

भारतातला नायटा

इथे मात्र परदेशी अभ्यासांची चौकट अपुरी पडते. गेल्या दशकभरात भारतात नायट्याचे स्वरूपच पालटले. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत बरा होणारा गजकर्ण आता कंबर, मांड्या, चेहरा व्यापतो आणि घरातल्या सगळ्यांना धरतो. कारणीभूत बुरशीला २०२०मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव मिळाले, आणि तिच्या अनेक वाणांत टर्बिनाफिनला दाद न देणारे जनुकीय बदल आहेत. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमांनी हा आजार चिघळवला, यावर त्वचारोगतज्ज्ञांत जवळपास एकमत आहे.

वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात झालेल्या २०० रुग्णांच्या तुलनेचे निकाल २०२०मध्ये आले. आठ आठवड्यांनी इट्राकोनॅझोलने ६६ टक्के, फ्लुकोनॅझोलने ४२ टक्के, टर्बिनाफिनने २८ टक्के आणि ग्रिसिओफल्विनने १४ टक्के रुग्ण बरे झाले. साहजिकच देशभरात इट्राकोनॅझोलचा वापर वाढला, टर्बिनाफिन दिलेच तर दुप्पट मात्रेत दिले जाऊ लागले आणि कोर्स दोन-दोन, चार-चार महिन्यांवर गेले. थोडक्यात, यकृताला सर्वांत सौम्य असलेले औषध निकामी ठरले आणि त्याची जागा घेणाऱ्या औषधाचा धोका अशा लांब कोर्समध्ये, अशा लोकसंख्येत कोणी पुरेसा मोजलेलाच नाही.

ही लोकसंख्या वेगळी का? एक तर फॅटी लिव्हर. भारतीय अभ्यासांच्या एका एकत्रित विश्लेषणात प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण ३८ टक्क्यांच्या घरात निघाले. म्हणजे नायट्याच्या रांगेतल्या कित्येकांचे एसजीपीटी पहिल्या गोळीआधीच वाढलेले असणार. दुसरे, क्षयाची औषधे. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील हर्षद देवरभावी यांच्या पुढाकारातून झालेल्या औषधजन्य यकृतइजेच्या अखिल भारतीय नोंदवहीत १,२८८ रुग्ण आले. त्यांत क्षयाची औषधे ४६ टक्के प्रकरणांत कारणीभूत होती आणि पर्यायी व पारंपरिक औषधे सुमारे १४ टक्के. क्षयाखेरीजची सर्व जंतुरोधके मिळून ६.५ टक्के, बुरशीरोधक हा त्यांचाही एक छोटा भाग. हे आश्वासक वाटते, पण नोंदवहीत पोहोचतात ते मोठ्या इस्पितळापर्यंत गेलेले रुग्ण. एसजीपीटी वाढून आपोआप उतरलेला नायटेवाला तिथे कधीच दिसणार नाही.

कारण ठरवणेही सोपे नाही. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१मध्ये गुळवेलीमुळे यकृतइजा झाल्याचा संशय असलेल्या सहा रुग्णांचे वर्णन केले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. त्या वादात कोण बरोबर हे इथे ठरवायचे नाही. पण एकाच माणसाच्या घरात अ‍ॅझोलची कॅप्सूल, काढा, पॅरासिटामॉल आणि संध्याकाळचा पेग असेल, तर दोषी कोण हे ठरवण्याची आपली साधने किती तोकडी आहेत, हे त्यातून दिसते. क्षयाच्या रुग्णात आणखी एक पेच असतो. क्षयावरचे रिफॅम्पिसिन हे औषध इट्राकोनॅझोल आणि व्होरिकोनॅझोलची पातळी इतकी खाली आणते की ती जवळपास निरुपयोगी होतात. क्षय बरा झाल्यावर फुप्फुसात राहिलेल्या पोकळीत अ‍ॅस्परजिलस वाढला तर चंदीगडच्या पीजीआयच्या २०२२च्या चाचणीनुसार सहा महिन्यांपेक्षा बारा महिने इट्राकोनॅझोल दिलेले चांगले. आजार उलटण्याचे प्रमाण ३८ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर येते. फायदा निःसंशय आहे, पण यकृताची परीक्षाही दुप्पट लांबते.

काय सुटलेले नाही

जनुकीय चाचणीबद्दल सध्या बरीच आशा आहे. टर्बिनाफिनमुळे यकृताला इजा झालेल्या युरोपीय वंशाच्या जवळपास सगळ्या रुग्णांत एचएलए-ए*३३:०१ हा जनुकाचा प्रकार आढळतो. तिथल्या सर्वसामान्य लोकांत तो शंभरात एक-दोघांत असतो. मग गोळीआधी हीच चाचणी का करू नये? ढोबळ गणित केले तर उत्तर मिळते. इजा मुळातच इतकी विरळ आहे की हा प्रकार बाळगणाऱ्या हजार-दोन हजारांतून एखाद्यालाच ती होईल. बाकीच्यांना आपण एक चांगले औषध नाकारू. दक्षिण आशियात त्या प्रकाराचा जवळचा नातलग, ए*३३:०३, जास्त आढळतो. तो निरुपद्रवी आहे की नाही, याचे उत्तर इथल्याच रुग्णांतून यावे लागेल.

चाचणीचा आकडा किती वाढल्यावर औषध थांबवावे, यावरही एकवाक्यता नाही. तिपटीवर थांबणारे आहेत, पाचपटीपर्यंत वाट पाहणारेही आहेत. नायट्यात तिपटीवर थांबणे सोपे, अ‍ॅस्परजिलसमध्ये ते घातक ठरू शकते. एका अ‍ॅझोलने इजा झाल्यावर दुसरे अ‍ॅझोल देता येते का? बरेचदा येते, असे छोटे अनुभव सांगतात, मोठा अभ्यास नाही. किटोकोनॅझोलबद्दल काही त्वचारोगतज्ज्ञ अजूनही म्हणतात की शिब्यांसाठी एक-दोन मात्रा देण्याचा धोका महिन्यांच्या कोर्सबरोबर तोलला गेला. नियामकांचे उत्तर असे की पर्याय असताना हा धोका घ्यायचाच कशाला. दोन्ही युक्तिवाद आपापल्या जागी खरे आहेत.

नव्या औषधांनी जुना तर्कही थोडा हलवला आहे. ऑलोरोफिम अ‍ॅझोल नाही. बुरशीतल्या सायटोक्रोमला ते हात लावत नाही, तर डीएनएचे घटक बनवणारे डीएचओडीएच हे एन्झाइम रोखते. तरीही दोनशेच्या आसपास रुग्णांच्या चाचणीत सुमारे दहांपैकी एकाच्या यकृतचाचण्या औषधामुळे बिघडल्या. २०२३मध्ये अमेरिकी प्रशासनाने त्याला परवानगी न देता आणखी माहिती मागितली. डीएचओडीएचचे मानवी रूप रोखणारे लेफ्लुनोमाइड संधिवातात वापरले जाते, आणि यकृताच्या नियमित चाचण्यांशिवाय ते दिले जात नाही. ऑलोरोफिम मानवी एन्झाइमला जवळपास स्पर्श करत नाही असे प्रयोगशाळेत दिसते. मग यकृताची तक्रार एन्झाइममुळे आहे, रेणूच्या पचनामुळे आहे की त्या रुग्णांच्या मूळ आजारामुळे? किटोकोनॅझोलबद्दल हाच प्रश्न १९८४ मध्ये विचारला गेला होता आणि त्याचेही पूर्ण उत्तर अजून आलेले नाही.